क्यूजीआयएस की आर्कजीआयएस, की अजून काही? छोट्या ऑफिसने पैसे नक्की कुठे घालावेत

नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहितोय. घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. तीन-चार माणसांचं ऑफिस आहे, कामं सोसायट्यांची, आर्किटेक्टची, ग्रामपंचायतीची, एखाद्या एनजीओची अशी असतात, तर क्यूजीआयएस घ्या, घ्या म्हणजे डाउनलोड करा, पैसे लागत नाहीत त्याला, आणि जे वाचतील त्यातले थोडे रॅममध्ये आणि बरेचसे माणसाला शिकवण्यात घाला. आर्कजीआयएस प्रो तेव्हाच घ्या जेव्हा समोरचा क्लायंट लेखी सांगतो की डिलिव्हरी त्याच्याच फॉरमॅटमध्ये हवी. ग्लोबल मॅपरचं एक लायसन्स डोंगर, कंटूर (समान उंचीच्या रेघा), लायडार (लेझरने केलेली उंचीची मोजणी) असल्या कामवाल्यांना वसूल होतं. मॅपइन्फो फक्त टेलिकॉममधल्या लोकांनी बघावं. झालं, आता कारणं, आणि ती लांबणार आहेत कारण ह्या विषयावर आपल्याकडे जो तो फक्त 'ते बेस्ट आहे' एवढंच सांगून मोकळा होतो.

आमचं ऑफिस नेरूळला. प्लॅनिंगच्या बाजूचं काम, म्हणजे गावठाणाच्या हद्दी, सेक्टरचे नकाशे, रीडेव्हलपमेंटसाठी आजूबाजूच्या सोयींचा नकाशा, पाणी कुठे तुंबतं त्याचा नकाशा, कधी ठाण्याकडच्या एखाद्या तलावाच्या भोवतीचं बांधकाम दाखवायचं असतं. मोठ्या कंपनीची शहरभर पसरलेली सिस्टिम आम्ही चालवत नाही, तेव्हा ज्यांच्याकडे पन्नास माणसं एकाच डेटाबेसवर बसतात त्यांना माझा हिशोब लागू नाही, त्यांनी हे वाचून मला शिव्या घालू नयेत.

पहिलं म्हणजे किंमत ह्या विषयावर लोकांचा मोठा गोंधळ असतो. क्यूजीआयएस फुकट आहे म्हणून ते 'हलकं' असणार असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं, विशेषतः ज्या साहेब लोकांच्या टेबलावर फाईल सही होते त्यांना. गॅरी शर्मन ह्यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं, २००९ मध्ये पहिलं १.० व्हर्जन आलं, २०१८ मध्ये ३.० आलं आणि तिथून पुढे ते खरं कामाचं झालं असं माझं मत. जीपीएल लायसन्स आहे, म्हणजे ऑफिसात दहा मशीनवर टाका, घरच्या लॅपटॉपवर टाका, क्लायंटच्या मशीनवर टाकून द्या, कोणी विचारणार नाही. दर वर्षी एक एलटीआर निघतं, लाँग टर्म रिलीज, ऑफिससाठी फक्त तेच वापरायचं, नवीन फीचर बघायची हौस असेल तर दुसरं व्हर्जन बाजूला टाकून ठेवता येतं, दोन्ही एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात.

आर्कजीआयएस प्रोचं तसं नाही. एसरी ही कंपनी १९६९ पासूनची, जॅक आणि लॉरा डेंजरमंड ह्या नवराबायकोने कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्सला सुरू केलेली, आणि ह्या धंद्यातली दादा कंपनी तीच, शेपफाईल हा नकाशाच्या डेटाचा सगळीकडे चालणारा फॉरमॅटसुद्धा त्यांचाच. पण पैसे दर वर्षी. युजरनुसार, लेव्हलनुसार, वर एक्स्टेन्शननुसार. भाड्याचं घर कितीही छान असलं तरी अकराव्या महिन्यात मालकाचा फोन येतोच, तसं रिन्युअलचं मेल येतं, आणि ते नेमकं मार्चमध्ये येतं जेव्हा आपली सगळी बिलं क्लायंटकडे अडकलेली असतात. कोटेशन मागवताना एक काळजी घ्या. कंटूर काढणं, उतार काढणं असल्या रास्टर (ठिपक्यांच्या इमेजवरच्या) कामांची टूल्स वर्षानुवर्षं स्पेशियल अॅनालिस्ट आणि थ्रीडी अॅनालिस्ट ह्या वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये राहिली आहेत, तेव्हा 'आम्हाला ही ही पाच कामं करायची आहेत, ती ह्या लेव्हलमध्ये होतील का' असं लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. आमच्या ओळखीच्या एका ऑफिसला रिसेलरने बेस लेव्हल विकली, 'सगळं होतं सर त्यात' असं तोंडी सांगून, आणि पहिल्याच डोंगराच्या कामाला टूल बंद. मग परत कोटेशन, परत पीओ. आणि वर १८ टक्के जीएसटी असतोच, तो इनपुटमध्ये मिळतो म्हणा, पण भरायचे आधी आपल्याला असतात.

अजून एक गोष्ट जी जुन्या लोकांना पचलेली नाही: आर्कमॅप, म्हणजे एसरीचं प्रोच्या आधीचं सॉफ्टवेअर, संपलं. एसरीने १ मार्च २०२६ ही रिटायरमेंटची तारीख जाहीर केली होती. १०.८ च्या पुढे नवीन काही आलं नाही. तरी ठाण्यापासून पनवेलपर्यंत कित्येक ऑफिसांत तोच जुना पांढरा इंटरफेस चालू आहे, त्यातले किती लायसन्सवाले ते मी बोलत नाही. क्रॅकचं एवढंच सांगतो की टेंडर भरताना लायसन्सची कॉपी मागितली की तोंड कुठे लपवायचं ते आधी ठरवून ठेवा. प्रो मध्ये आर्कमॅपची जुनी एमएक्सडी फाईल इम्पोर्ट होते, ते काम त्यांनी नीट केलंय. पण प्रोच्या आतही एक मेख आहे, २०२२ मध्ये ३.० आलं आणि ३ मध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट २ वाल्या मशीनवर उघडत नाही. तुमच्याकडे नवं आणि क्लायंटकडे जुनं असलं की फोनाफोनी सुरू.

आता आर्कजीआयएस कुठे पैसे वसूल करून देतं ते पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर फुकटवाल्यांचा भक्त म्हणाल. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर, म्हणजे चहूबाजूंनी धरायचा पट्टा, मुंबई हायकोर्टाच्या आदेशामुळे खाडीकाठच्या प्रत्येक कामात हा प्रश्न येतो, ऐरोली असो, घणसोली असो, दिवा असो की उलवे. तुमच्याकडे तिवरांचा लेयर आहे, तो अक्षांश-रेखांशात आहे, बहुतेक डाउनलोड केलेले लेयर तसेच असतात. आर्कजीआयएस प्रोमध्ये बफर टूल उघडलं, ५० मीटर लिहिलं, रन केलं, झालं, ते स्वतःच ओळखतं की डेटा डिग्रीमध्ये आहे आणि पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब धरून बफर काढतं. क्यूजीआयएस मध्ये तेच केलं तर ते युनिट डिग्री धरतं, बाजूला पिवळं वॉर्निंग दाखवतं, पण नवीन पोरगं ते बघत नाही आणि ५० डिग्रीचा बफर काढतं, म्हणजे ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांचा बफर थेट आफ्रिकेत. एवढं मोठं चुकलं तर निदान दिसतं तरी. म्हणून क्यूजीआयएस मध्ये आधी लेयर यूटीएम झोन ४३ नॉर्थ ह्या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये बदलून (रीप्रोजेक्ट करून) घ्यायचा, कोड ईपीएसजी ३२६४३, आमच्याकडे हा नंबर भिंतीवर चिकटवलाय, ठाणे, नवी मुंबई, पनवेल सगळं ह्याच झोनमध्ये बसतं. ही एक पायरी जास्त आहे, आणि कामाला बसलेला माणूस कच्चा असेल तर अशी प्रत्येक जास्तीची पायरी म्हणजे एक धोका. आर्कजीआयएसचे पैसे तुम्ही खरंतर अशा धोक्यांपासून वाचायला देता. माणूस पक्का असेल तर ते पैसे देण्यात अर्थ नाही. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यावर उभं आहे.

दुसरी जागा डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाईल. आपल्याकडे सगळं जग ऑटोकॅडवर चालतं, आर्किटेक्ट डीडब्ल्यूजी देतो, सर्व्हेयर डीडब्ल्यूजी देतो, सोसायटीकडे काही नसतं पण भाच्याच्या मित्राने काढलेली डीडब्ल्यूजी असते. प्रो ती सरळ उघडतं. क्यूजीआयएस मध्ये डीडब्ल्यूजी इम्पोर्टची सोय आहे, प्रोजेक्ट मेनूतच आहे, पण नव्या व्हर्जनची फाईल आली की ती कधी उघडते, कधी नाही, कधी उघडते आणि अर्धे ब्लॉक गायब. ह्याच्यावर इलाज म्हणजे ओडीए फाईल कन्व्हर्टर, फुकट आहे, त्यात टाकून डीएक्सएफ (ऑटोकॅडचाच अदलाबदलीचा फॉरमॅट) करून घ्या, मग बऱ्यापैकी सुरळीत. किंवा आर्किटेक्टलाच सांगा 'साहेब, जरा जुन्या व्हर्जनमध्ये डीएक्सएफ करून पाठवा ना', तो पाठवतो, तीन वेळा फोन केला की पाठवतो. आणि फाईल उघडली तरी ड्रॉइंग कुठल्यातरी शून्य-शून्य पॉईंटवर असतं, त्याला प्रोजेक्शन वगैरे काही नसतं, ते जागेवर आणून बसवणं हे दोन्हीकडे हातानेच करावं लागतं. तिथे लाखाचं सॉफ्टवेअर आणि फुकटचं सॉफ्टवेअर सारखंच.

आता मराठी. हा भाग कुठल्याच परदेशी तुलनेत नसतो आणि आपलं निम्मं काम ह्याच्यातच आहे. ग्रामपंचायतीला, सोसायटीच्या मीटिंगला, वॉर्डातल्या लोकांना दाखवायचा नकाशा मराठीतच पाहिजे, 'कोपरखैरणे' इंग्रजीत लिहिलं की मीटिंगमध्ये कोणीतरी आजोबा उठतातच. तर शेपफाईलमध्ये मराठी भरायची म्हणजे डोक्याला ताप. शेपफाईलचं अॅट्रिब्युट टेबल डीबीएफमध्ये असतं, तो जुन्या काळचा फॉरमॅट, फील्डच्या नावाला फक्त १० बाइट. इंग्रजीत दहा अक्षरं बसतात. देवनागरीचं युनिकोडमधलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा पण वेगळं चिन्ह धरतात, म्हणजे फील्डचं नाव मराठीत द्यायला गेलात तर तीन चिन्हांत खेळ खलास. 'लोकसंख्या' लिहिलं की 'लोक' पर्यंतच येतं. आमच्या ऑफिसातली नवीन मुलगी विचारत होती, "सर, बाकीचं कुठे गेलं?" टेबलच्या आतल्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हं, सोसायटीचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर, सेक्टर, 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' एवढं लिहिलं की काठावर येतं. शिवाय अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी सोबतची सीपीजी फाईल हरवली, म्हणजे व्हॉट्सअॅपवर कोणी फक्त तीन फाईली पाठवल्या, की दुसरीकडे उघडताना मराठीच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो.

क्यूजीआयएस ३ पासून डिफॉल्ट फॉरमॅट जिओपॅकेज आहे, एकच फाईल, आत कितीही लेयर, फील्डचं नाव मराठीत हवं तेवढं मोठं, काही कटत नाही. आर्कजीआयएस प्रो पण जिओपॅकेज वाचतं, पण त्यांचं घरचं लाडकं म्हणजे फाईल जिओडेटाबेस, त्यातही मराठी मजकूर नीट राहतो. पूर्वी ही जीडीबी फाईल म्हणजे कुलूपच होतं, आता क्यूजीआयएस ती वाचतं आणि नव्या व्हर्जनमध्ये लिहितं सुद्धा, कारण खालची जीडीएएल लायब्ररी २०२२ च्या शेवटी ३.६ मध्ये ते शिकली. ही गोष्ट छोटी वाटेल पण पैशाच्या हिशोबात फार मोठी आहे, कारण 'आम्हाला जीडीबीतच द्या' म्हणणाऱ्या क्लायंटसाठी एक आख्खं लायसन्स घ्यायची वेळ पूर्वी यायची, आता साध्या लेयरसाठी येत नाही. त्यांचे टोपोलॉजीचे नियम, रिलेशनशिप क्लास वगैरे हवं असेल तर मात्र प्रोच लागेल.

लेबलचं म्हणाल तर दोन्ही मराठी बरं दाखवतात. क्यूजीआयएस च्या जुन्या व्हर्जनमध्ये रस्त्याच्या किंवा नाल्याच्या वळणावरून जाणारं लेबल दिलं की जोडाक्षरं फुटायची, मात्रा एकीकडे अक्षर एकीकडे, आता ते सुधारलंय, तरी मी वळणदार लेबल प्रिंटच्या आधी झूम करून बघतोच. फॉन्ट चांगला घ्या, मुक्ता किंवा नोटो देवनागरी, दोन्ही फुकट, मंगल फॉन्टमध्ये काढलेला नकाशा बघितला की मला सरकारी नोटीस आल्यासारखं वाटतं.

छपाईच्या बाबतीत क्यूजीआयएस चं अॅटलस हे माझं सगळ्यात लाडकं. वॉर्ड किंवा सेक्टरचा एक लेयर द्यायचा, एकच लेआउट बनवायचा, आणि ते प्रत्येक सेक्टरचं वेगळं ए-३ पान काढून देतं, वरचं शीर्षक, स्केल, उत्तर दिशा सगळं आपोआप बदलतं. प्रोमध्ये हेच मॅप सिरीज नावाने आहे आणि दिसायला जास्त देखणं आहे, खरं सांगतो, पहिल्या फटक्यात प्रोचा नकाशा जास्त प्रोफेशनल दिसतो. क्यूजीआयएस चे डिफॉल्ट रंग म्हणजे दर वेळी काहीतरी विचित्रच निघतात. पण एकदा आपली स्टाईल बनवून क्यूएमएल ह्या स्टाईलच्या फाईलमध्ये सेव्ह केली की तो फरक राहत नाही.

इथे एक विषयांतर करतो, सॉफ्टवेअरचं नाही, डेटाचं आहे, पण पैसे ह्याच्यातच वाया जातात. इंटरनेटवरून जिल्ह्यांची शेपफाईल घेतली तर त्यात ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत गेलेला दिसेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण जनगणना २०११ ची, त्यामुळे १ कोटी १० लाख लोकसंख्येचा जो आकडा ठाणे जिल्ह्याच्या नावावर फिरतो तो पालघरसकट आहे. नवीन हद्द आणि जुना आकडा जोडला की दर चौरस किलोमीटरचा हिशोब गंडला, आणि कुठलंही सॉफ्टवेअर, महाग असो की फुकट, तुम्हाला हे सांगणार नाही. तसंच 'नवी मुंबई'चं. वाशी-नेरूळ-बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-कामोठे-पनवेल रायगड जिल्ह्यात, ठाणे जिल्ह्याच्या हद्दीने क्लिप केलं की खारघर उडालं. टोपोशीटमध्ये (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत) पण तेच, ७३ रेखांश वाशी स्टेशनच्या जवळून जातो, त्यामुळे वाशी ४७ ए/१६ मध्ये आणि नेरूळ ४७ ई/४ मध्ये, दोन शीट जोडल्याशिवाय शहर पूर्ण होत नाही. आणि ह्या जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायचा जुना आधार) आहेत, जीपीएसवाला डब्ल्यूजीएस ८४ समजून सरळ बसवल्या की नकाशा चांगलाच सरकतो. जिओरेफरन्सिंग, म्हणजे शीट खऱ्या जागेवर बसवणं, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये चांगलं आहे, क्यूजीआयएस मध्ये मला थोडं जास्तच आवडतं कारण प्रत्येक पॉईंटची चूक टेबलात समोर दिसते आणि कुठला पॉईंट काढायचा ते लगेच कळतं.

ग्लोबल मॅपर. ब्लू मार्बल जिओग्राफिक्सचं, अमेरिकेतल्या मेन राज्यातली कंपनी. इंटरफेस बघून पंधरा-वीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटतं, त्याला घाबरू नका. तीनशेच्या वर फॉरमॅट उघडतं, डीडब्ल्यूजी सकट, काय वाटेल ते त्याच्यावर ओढून टाका. येऊरच्या बाजूचं किंवा पारसिकच्या डोंगराचं काम असेल, डीईएम (जमिनीच्या उंचीचा डेटा) टाका, कंटूर काढा, दोन बिंदूंमधला प्रोफाईल काढा, खोदाई-भरावाचं घनफळ काढा, हे सगळं इतक्या पटकन होतं की बाकीच्यांत तेवढ्या वेळात टूल शोधून होत नाही. लायडारचं पॉईंट क्लाउड साफ करायचं तर त्याचं प्रो व्हर्जन लागतं, त्याला जास्त पैसे. आम्ही घेतलं तेव्हा एकदा पैसे भरले की ते व्हर्जन कायमचं आपलं होतं, अपग्रेड हवं असेल तर वेगळे द्यायचे, तुम्ही घेताना सध्याची अट काय आहे ते विचारून घ्या. ऑफिसात एकाच मशीनवर आहे आणि तेवढं पुरतं. नकाशा सजवायला मात्र ते अजिबात नको, लेबल बसवताना जीव जातो, तिथून डेटा काढून क्यूजीआयएस मध्ये आणून छापायचा.

एक सावधगिरी, फुकटच्या ३० मीटरच्या डीईएमवरून, मग ते नासाचं एसआरटीएम असो नाहीतर इस्रोच्या भुवन साईटवरचं कार्टोसॅटचं असो, कोणी १ मीटरचे कंटूर काढून देत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. सॉफ्टवेअर देतं काढून, सगळीच देतात, सुंदर गुळगुळीत रेघा, पण त्या रेघांना काही अर्थ नसतो.

मॅपइन्फो प्रोबद्दल मला जुन्या माणसासारखं वाटतं. १९८६ ची कंपनी, २००७ मध्ये पिटनी बोजने घेतली, मग सिंकसॉर्टकडे गेली आणि २०२० पासून प्रिसाईजली नावाखाली आहे. घणसोली, महापे, कोपरखैरणे ह्या पट्ट्यात टेलिकॉमवाल्यांचं प्रस्थ, आणि आरएफ (मोबाईल सिग्नलचं) प्लॅनिंगवाले अजून मॅपइन्फोच्या टॅब फाईलमध्येच श्वास घेतात, साईटचे पंखे-पंखे असलेले नकाशे, ड्राइव्ह टेस्टचे रंगीत ठिपके, सगळं तिथेच. त्यात वाढलेल्या माणसाचा हात इतका बसलेला असतो की त्याला क्यूजीआयएस दिलं तर तो महिनाभर कुरकुरतो. एसक्यूएल सिलेक्ट आणि थिमॅटिक मॅप खरंच झटपट होतात. पण नवीन ऑफिसने शून्यातून घ्यावं असं मला एक पण कारण सापडत नाही. टॅब फाईल क्यूजीआयएस मध्ये डबल क्लिक करून उघडते, क्लायंटकडून तेवढंच येणार असेल तर काम भागलं.

मॅनिफोल्ड फार कमी लोकांनी ऐकलंय. स्वस्त आहे, आर्कजीआयएसच्या तुलनेत फारच स्वस्त, आणि वेग असा की प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावतं, लाखो पॉलिगॉनचा ओव्हरले लावून बघा. त्यांचं व्ह्यूअर फुकट आहे, टाकून बघायला हरकत नाही. पण ठाण्यात किंवा नवी मुंबईत ते येणारा माणूस शोधून दाखवा मला. मालक स्वतः बसून काम करणार असेल तर एक वेळ ठीक, कामाला माणूस ठेवायचा असेल तर नको.

गूगल अर्थ प्रो, हे २०१५ च्या आधी वर्षाला ३९९ डॉलर होतं आणि आता फुकट आहे, हे नवीन पोरांना खरंच वाटत नाही. त्याला मी मॅपिंग सॉफ्टवेअर म्हणत नाही पण त्याच्याशिवाय आमचा एक दिवस जात नाही, कारण जुन्या तारखांची सॅटेलाईट इमेज. इथे भराव कधी पडला, हा बंगला कधी उगवला, क्लायंटला समोर बसवून स्लायडर मागे ओढला की बोलणंच बंद होतं. मोजणी मात्र त्याच्यावर करू नका, इमेज काही मीटर इकडे तिकडे असते, वर्षागणिक सरकलेली पण दिसते.

क्यूजीआयएस च्या तक्रारी राहिल्या, आणि त्या आहेत. टेम्पररी लेयर हा प्रकार भयंकर आहे, टूल चालवलं की रिझल्ट मेमरीत येतो, बाजूला छोटं चिन्ह असतं, सेव्ह केला नाही आणि बंद केलं की गेला. बंद करताना विचारतं ते, पण संध्याकाळी सव्वासहाची लोकल पकडायची असते तेव्हा माणूस काय वाचतो? प्लगिनचा सुळसुळाट, एकाच कामाला चार प्लगिन, त्यातली दोन कोणीतरी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिहून सोडून दिलेली. मोठ्या रास्टरवर अधूनमधून आख्खं सॉफ्टवेअर बसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन करायला कोणी नाही. आर्कजीआयएसला सपोर्ट आहे, तिकीट टाका, माणूस बोलतो, मोठ्या डेडलाईनला ह्याची किंमत कळते. क्यूजीआयएस ला स्वतः शोधायचं, इंग्रजी वाचायची तयारी पाहिजे, उत्तर बहुतेक वेळा मिळतं पण रात्री अकराला मिळतं.

शिकण्याचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये क्यूजीआयएस ची मालिका आहे, फुकट. डेहराडूनच्या आयआयआरएसचे ऑनलाईन कोर्स फुकट, इस्रोचंच ते. पण ज्या मुलामुलींना ऐरोली, महापेच्या मोठ्या कंपन्यांत नोकरी हवी आहे त्यांनी माझं ऐकून आर्कजीआयएस सोडू नका. तिथल्या जाहिरातीत ते नाव असतंच, इंटरव्ह्यूमध्ये तेच विचारतात. एसरीचं पर्सनल यूज लायसन्स वर्षाला १०० डॉलरच्या आसपास मिळतं, धंद्यासाठी चालत नाही पण शिकायला चालतं, कॉलेजमध्ये असाल तर लॅबमध्येच बसा.

आम्ही क्यूजीआयएस ला दर वर्षी थोडे पैसे देणगी म्हणून पाठवतो. सीए म्हणाला, "फुकटच्या वस्तूला पैसे कशाला देता साहेब?" त्याला समजवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

हार्डवेअरचं थोडक्यात. आर्कजीआयएस प्रोला एसरी ३२ जीबी रॅम रेकमेंड करते, ८ वर चालू होतं म्हणतात पण ते चालणं नव्हे, रांगणं. क्यूजीआयएस १६ जीबीवर आमच्याकडे छान चालतं, एसएसडी मात्र पाहिजेच, जुन्या हार्ड डिस्कवर सॅटेलाईट इमेज उघडून बसण्यापेक्षा खाली जाऊन वडापाव खाऊन या. मॅकवाल्यांसाठी, क्यूजीआयएस मॅकवर चालतं, आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर, मॅनिफोल्ड आणि ग्लोबल मॅपरही विंडोजवरच. तेव्हा डिझाइनवाल्या पार्टनरने ऑफिसात सगळे मॅकबुक घेऊन ठेवले असतील आणि क्लायंट प्रोच पाहिजे म्हणत असेल, तर एक विंडोज मशीन वेगळी घ्यावी लागेल, आणि तिचे पैसे त्या क्लायंटच्या कोटेशनमध्ये आधीच धरा, नंतर मागितले तर देत नाहीत.